आपल्या घरात आधी कोण राहत होतं? सोलापुरातल्या जुन्या नोंदी कशा शोधाव्यात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साखर पेठेतलं तुमचं माळवदी घर वडिलांनी 1994 साली विकत घेतलं. माजघराची फरशी बदलताना खाली बुजवलेला मागाचा खड्डा निघाला आणि कोनाड्याच्या चुन्याखाली तेलुगू अक्षरं दिसली. अमेरिकेतल्या तुमच्या मावसभावाने त्याच्या घरात 1950 साली कोण राहत होतं ते जनगणनेच्या जुन्या तक्त्यांवरून घरबसल्या शोधलं, नाव, वय, धंद्यासकट. तसं आपल्याकडे करता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

करता येतं. भावासारखं एका बैठकीत होणार नाही आणि सगळी नावं एका कागदावर मिळणार नाहीत. पण नेटाने लागलात तर गेल्या शंभरेक वर्षांतल्या बऱ्याच माणसांपर्यंत पोहोचाल. मी नगर भूमापन कार्यालयात परिरक्षण भूमापक होतो. निवृत्तीनंतर वकिलांसाठी मिळकतींचे शोध घेतो आणि मोडी कागद वाचून देतो. या कामात हातातून जे कागद गेले त्यावरून सांगतो.

आधी जनगणनेचा विषय संपवू. अमेरिकेत माणसांच्या नावानिशी असलेले तक्ते 72 वर्षं बंद ठेवतात आणि मग सर्वांना खुले करतात. 1950 चे तक्ते 1 एप्रिल 2022 रोजी खुले झाले, म्हणून तुमच्या भावाला ते मिळाले. इंग्लंडात हीच मुदत शंभर वर्षांची आहे. आपल्या कायद्यात अशी मुदतच नाही. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 प्रमाणे प्रगणकाने घरोघरी भरलेली माहिती कोणालाही पाहता येत नाही आणि एरवी ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकांतून सोलापूरची लोकसंख्या, घरं, धंदे यांचे आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत. त्यामुळे जनगणना कार्यालयाकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण असा शोध घेताना मालकांची साखळी लावतात. अमुक साली याने त्याला विकलं, त्याने याला विकलं. साखळी पूर्ण झाली की काम झालं असं त्यांना वाटतं. सोलापुरात तेवढ्याने हाती फार थोडं लागतं. हे गिरण्यांचं, मागांचं आणि बिड्यांचं गाव. 1870 च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, मराठवाड्यातून आली. आल्या आल्या घर विकत घेण्याची ऐपत किती जणांची असणार? मालक दुसऱ्याच पेठेत राहणारा सावकार किंवा कापडाचा व्यापारी, आणि त्याच्या वाड्यात खोलीखोलीने चार-सहा कुटुंबं, हे चित्र इथे नेहमीचं होतं. तुमच्या माजघरात ज्याने माग घातला तो त्या घराचा मालक असेलच असं धरून चालू नका. मालक जमिनीच्या कागदात सापडतो. राहणारा सापडतो तो घरपट्टी, मतदार यादी, जन्म-मृत्यू, शाळा आणि कोर्ट यांच्या कागदांत. दोन्हींकडे जावं लागतं, पण मन दुसऱ्या ढिगावर ठेवा.

सुरुवात घरातल्या पेटीपासून करा. वडिलांचं खरेदीखत शेवटच्या पानापर्यंत वाचा. विकणाऱ्याला ही मिळकत कशी आली, वडिलोपार्जित, वाटणीने की खरेदीने, ते मजकुरात लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा आधीच्या दस्ताचा नंबर आणि तारीखही दिलेली असते. त्यासोबत जुनी बिलं पाहा. आपल्याकडे विजेचं मीटर नाहीतर नळाचं कनेक्शन कित्येक वर्षं जुन्या भाडेकरूच्या नावावर तसंच चालू राहतं. ते नाव कोणाचं हे घरात कोणालाच माहीत नसतं आणि दर महिन्याला त्या नावाने बिल येत असतं.

खरेदीखतातून तुम्हाला घराचे नंबर काढायचे आहेत. नंबर म्हणतो, कारण ते एकाहून जास्त असतात. एक म्युनिसिपल घर नंबर, एक सिटी सर्व्हे नंबर म्हणजे नगर भूमापन क्रमांक, आणि नगररचना योजनेत गेलेल्या भागात तिसरा फायनल प्लॉट नंबर. यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. त्यात म्युनिसिपल नंबर मधून मधून बदलले आहेत, म्हणून दस्तांमध्ये ‘जुना घर नं., नवा घर नं.’ असं लिहिलेलं दिसतं. एका वहीत पहिल्याच पानावर तक्ता करा: कोणत्या साली घराचा कोणता नंबर होता आणि तो कोणत्या कागदावरून कळला. हा तक्ता नसेल तर पुढे 1950 ची मतदार यादी हातात येऊनही तुमचं घर त्यात कुठलं ते कळणार नाही. शोध अर्ध्यात सोडून दिलेले लोक मी पाहिलेत, ते बहुतेक इथेच अडलेले असतात.

मग नगर भूमापन कार्यालयात जा आणि मिळकत पत्रिकेची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाची, नक्कल घ्या. ऑनलाइन मिळणारी पत्रिका आजची स्थिती दाखवते. तुम्हाला जुनी, हाताने लिहिलेली पत्रिका हवी, तसं अर्जात स्पष्ट लिहा. तिच्यात ‘हक्काचा मूळ धारक’ असा रकाना असतो, सुविधाधिकार, पट्टेदार, इतर भार हे रकाने असतात आणि खाली एकेक व्यवहार तारखेनिशी येतो. ‘धा.’ म्हणजे नवा धारक, ‘प.’ म्हणजे पट्टेदार, भाडेपट्ट्याने जागा घेणारा, ‘भा.’ म्हणजे भार, मुख्यतः गहाण किंवा कर्जाचा बोजा. वारस नोंद असेल तर मयताचं नाव आणि सगळ्या वारसांची नावं एकाच ठिकाणी मिळतात. लेकी सासरच्या नावाने लिहिलेल्या असतात, आणि त्यांचं सासर कळलं की पुढे माणूस गाठायला फार उपयोग होतो. सुविधाधिकाराच्या रकान्यावर बहुतेकांची नजर जात नाही. ‘शेजारच्या मिळकतीतून सांडपाणी जाण्याचा हक्क’, ‘सामाईक बोळ’ अशा नोंदींवरून शेजारची दोन घरं कधीकाळी एकच वाडा होती हे उघड होतं.

पण पत्रिकेहून माझा जीव आहे तो चौकशी नोंदवहीवर. सिटी सर्व्हे पहिल्यांदा झाला तेव्हा प्रत्येक मिळकतीबद्दल चौकशी अधिकाऱ्याने लोकांना बोलावून, कागद पाहून, जबाब घेऊन मालकी ठरवली. त्याचा मजकूर या नोंदवहीत असतो. पत्रिकेवर नुसतं नाव येतं. नोंदवहीत ते नाव का आलं याची हकीकत असते: आजोबांनी जागा घेतली, भाऊ वेगळे झाले, मागची खोली अमक्याच्या वहिवाटीत आहे, तमक्याने हरकत घेतली आणि ती फेटाळली. वहिवाट कोणाची हा शब्दच मुळी राहणाऱ्याबद्दल आहे. मालकी नाकारली गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या कुठल्याही जमिनीच्या कागदात येत नाही, ते इथेच एकदा येऊन जातं. याच्या जोडीला सर्व्हेचं शीट पाहा. 1 : 500 प्रमाणाचा नकाशा असतो, त्यात घराचा आकार, चौक, बोळ दिसतात. आजच्या घराशी ताडून पाहिलं की कोणती भिंत नंतर घातली ते समजतं.

दुसरी मोठी जागा म्हणजे दुय्यम निबंधकाचं कार्यालय. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदवल्याशिवाय पुरी होत नाही, त्यामुळे शहरातल्या घरांच्या विक्रीचे दस्त नोंदलेले असतात. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 57 लक्षात ठेवा. स्थावराच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक 1 आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. मिळकत तुमची असलीच पाहिजे असं नाही. मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात असतात. ती करणारा हयात असेपर्यंत इतरांना मिळत नाहीत, वारल्यानंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही नक्कल मिळते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-सर्च सोलापूरसाठी अलीकडच्या दस्तांनाच उपयोगी आहे. त्याआधीचं सगळं हाताने, सूचीच्या जाड वह्या चाळून. मिळकतीच्या सूचीला आम्ही इंडेक्स टू म्हणतो. पेठेचं नाव आणि घर नंबर धरून साल दर साल मागे जायचं.

इथे तुम्हाला एक युक्ती सांगतो, जी वकिलाच्या शोधात सहसा वापरत नाहीत, कारण त्यांना टायटलपुरतंच, म्हणजे मालकी हक्कापुरतंच, पाहायचं असतं. तुमच्या घराचा दस्त तीस-चाळीस वर्षांत एकदाच झाला असेल. पण त्या काळात डावीकडचं, उजवीकडचं, मागचं घर विकलं गेलं असेल, गहाण पडलं असेल. प्रत्येक दस्तात चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमुक यांचं घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, असं. शेजाऱ्याच्या दस्तातल्या चतुःसीमेत तुमचं घर येतं, आणि दस्त लिहिणारा पुष्कळदा गल्लीत ज्या नावाने ते घर ओळखलं जायचं तेच नाव घालतो. कागदोपत्री मालक एक असतो आणि चतुःसीमेत ‘पश्चिमेस अमुक मागवाला याचे घर’ असं दुसरंच नाव येतं. वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूचं ते नाव असतं. चारही बाजूंच्या घरांचे दस्त काढले तर तुमच्या घराचं नाव दर काही वर्षांनी कोणीतरी लिहून ठेवलेलं सापडतं.

गहाणखतंही सोडू नका. खरेदीखत कोरडं असतं. गहाणखतात रक्कम कशासाठी घेतली ते लिहिण्याची पद्धत होती, ‘लग्नकार्याकरिता’, ‘धंद्यात सूत घेण्याकरिता’, ‘औषधपाण्याकरिता’. वाटणीपत्र मिळालं तर घराची खोलीवार यादीच हाती येते, कोणत्या भावाला माळवदाखालची खोली गेली आणि कोणाला रस्त्यावरची. मुदतीचं खरेदीखत, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे फेडले की मिळकत परत देण्याच्या अटीचं, दिसलं तर विक्री झाली असं लगेच समजू नका. ते पुष्कळदा कर्जच असतं आणि विकणारा त्याच घरात भाडेकरू म्हणून राहत असतो.

जुने दस्त मोडीत असतात. मोडी शिकायला वेळ लागतो पण अशक्य नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, वर्गही होतात. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची विचारपूस वाढली आहे, त्यामुळे वाचक मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. मात्र वाचकाला फोटो देताना नुसत्या तुमच्या नोंदीचा देऊ नका, आख्ख्या पानाचा द्या. एका लेखकाचं अक्षर शेजारच्या दोन-चार नोंदींवरूनच लागतं. सालाचंही जपा. शके असेल तर 78 मिळवायचे, म्हणजे शके 1852 हे 1930–31 होतं. निजामाच्या मुलखातून आलेल्या कुटुंबांच्या कागदांवर फसली साल असतं, त्यात साधारण 590 मिळवायचे.

नावं वाचताना काही खुणा माहीत हव्यात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ‘ह.मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम, आणि त्याच्या आधी मूळ गाव लिहिलेलं असतं. सोलापूरसारख्या स्थलांतराने वाढलेल्या गावात ही दोन अक्षरं फार मोलाची आहेत. स्पेलिंगवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. मराठी कारकुनाने तेलुगू आणि कानडी नावं कानाला जशी आली तशी लिहिली. नरसय्या, नर्सया, नरसिया हा एकच माणूस असू शकतो. मल्लप्पा एका वहीत मलप्पा असतो आणि दुसरीत मल्लाप्पा. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, कुटुंबांत घरनाव कधी लिहिलेलं असतं, कधी नुसतं नाव आणि बापाचं नाव. म्हणून नावावरून न शोधता घराच्या नंबरावरून शोधा आणि बापाच्या नावाने पडताळा.

आता राहणाऱ्यांकडे येऊ. यासाठी सगळ्यात चांगला कागद म्हणजे नगरपालिकेची कर आकारणी नोंदवही. सोलापूरची नगरपालिका एकोणिसाव्या शतकातली, 1964 साली तिची महापालिका झाली. घरपट्टी घराच्या वार्षिक भाड्यावर ठरायची. वर्षभरात जेवढं भाडं येऊ शकेल त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढत. हे ठरवायचं तर घरात कोण किती भाडं देऊन राहतो ते कारकुनाला विचारावंच लागे. म्हणून नोंदवहीत मालकाच्या शेजारी भोगवटादाराचा रकाना येतो. जिथे खोलीवार आकारणी केली तिथे भाडेकरूंची नावं, खोल्या आणि महिन्याचं भाडं असं सगळं ओळीने मिळतं. बांधकामाचं वर्णनही असतं, माळवद की पत्रा, किती खण, आणि कधी कधी ‘हातमाग’ असा वापराचा शेराही. नव्या आकारणीची फेरी काही वर्षांनी पुन्हा येत असल्याने प्रत्येक फेरीत राहणारे कोण बदलले ते लागोपाठच्या नोंदवह्यांतून कळतं. तुमच्या भावाला दर दहा वर्षांनी एक तक्ता मिळतो. नोंदवह्या टिकल्या असतील तर तुम्हाला त्याहून दाट माहिती मिळेल.

टिकल्या असतील तर, असं मुद्दाम म्हटलं. सरकारी दप्तराची वर्गवारी असते. ‘अ’ वर्गाचं कायम ठेवतात, ‘ब’ वर्गाचं तीस वर्षं, ‘क’ आणि ‘ड’चं त्याहून थोडं. कोणती नोंदवही कोणत्या वर्गात टाकली गेली यावर सगळं अवलंबून. अभिलेख कक्षात विचारताना ‘जुनं रेकॉर्ड आहे का’ असं विचारलं तर नाही हेच उत्तर येतं, कारण प्रश्नाला ठाव नाही. पेठ, घर नंबर, साल आणि नोंदवहीचं नाव लिहून नकलेचा अर्ज द्या. दप्तर सांभाळणारा माणूस नेमकं मागणाऱ्याला मदत करतो, हा माझा नोकरीच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. नकलेचा अर्ज चालला नाही तरच दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात आधी ‘अभिलेखांची वर्गवारी आणि यादी’ मागा. यादीत नोंदवहीचं नाव एकदा दिसलं, की मग त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही.

मतदार याद्या हा दुसरा आधार. 1951–52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रत्येक प्रौढाचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर नंबर यादीत येतो. स्वातंत्र्याआधीच्या याद्यांवर विसंबू नका. तेव्हा मताचा हक्क मालमत्ता आणि कराशी बांधलेला होता, म्हणून त्या याद्यांत पुन्हा मालकच दिसतात. 1951 च्या यादीतून माझ्या मते एक वेगळीच गोष्ट वाचता येते. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईच्या आसपास निजामाच्या हद्दीतून जी कुटुंबं सोलापुरात आली, त्यातली बरीच नातलगांच्या घरात दाटीने राहिली. एका घर नंबरावर वेगवेगळ्या आडनावांची माणसं दिसली तर हे कारण असू शकतं, गिरणीचे भाडेकरूही असू शकतात. घरपट्टीच्या नोंदीशी लावून पाहिल्याशिवाय ठरवू नका. आणखी एक ध्यानात ठेवा. 1989 पर्यंत मतदानाचं वय 21 होतं, त्यामुळे कॉलेजातली पोरं यादीत नसतात. काही ठिकाणी बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. देशभरात अशी सुमारे 28 लाख नावं पहिल्या यादीतून गाळली गेली. घरात बाई नव्हती असा अर्थ यादीवरून काढू नका.

जन्म-मृत्यूच्या नोंदी बायकांना आणि लेकरांना परत आणतात. त्या काळी बाळंतपणं घरीच होत, म्हणून जन्माच्या जागेच्या रकान्यात पेठ आणि घर नंबर येतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 17 कोणालाही नोंद शोधायला लावून तिचा उतारा मागण्याची मुभा देतं, फक्त मृत्यूचं कारण उताऱ्यात देत नाहीत. अडचण एवढीच की या नोंदी तारखेवार असतात, घरवार नसतात. त्यामुळे आधी घरपट्टीतून आणि मतदार यादीतून नावं काढा, मग वयावरून जन्मसालं काढा, मग इथे या. प्लेगच्या आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या सालांची पानं चाळावी लागली तर मनाची तयारी ठेवा. एकाच घराचं नाव एका आठवड्यात पुन्हा पुन्हा येतं.

शाळांचं जनरल रजिस्टर हा पुढचा टप्पा. पोराचं नाव, बापाचं नाव, धंदा, पत्ता, आधीची शाळा, जन्मगाव हे सगळं तिथे असतं. निर्गम उतारा, म्हणजे या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, मात्र शाळा सहसा कुटुंबालाच देते आणि ते योग्यच आहे. मुख्याध्यापकांना भेटून हेतू सांगितला तर निदान नाव आहे की नाही एवढं कळू शकतं. साखर पेठेतल्या घरासाठी मराठी शाळांइतकंच तेलुगू माध्यमाच्या शाळांकडे पाहायला विसरू नका.

कोर्टाचे कागद नशिबाने मिळतात. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानंतर घरमालक आणि भाडेकरूंचे दावे भरपूर झाले. अशा दाव्यात घरात कोण कुठल्या खोलीत कधीपासून राहतं, भाडं किती, नळ कोणाचा, जिना कोणाचा, इथपर्यंत तपशील असतो. फायली काही वर्षांनी नष्ट करतात, पण निकालाच्या आणि हुकूमनाम्याच्या नकला पक्षकारांच्या घरात राहतात. जुन्या मालकाच्या वारसांकडे गेलात तर ‘कोर्टाचं बाड आहे का’ हे विचाराच.

भिंतीवरच्या अक्षरांबद्दल. चुना खरवडू नका. दिवसाउजेडी नको, संध्याकाळी बाजूने टॉर्चचा उजेड पाडून फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात. मग पूर्व भागातल्या तेलुगू वाचणाऱ्या जुन्या माणसाला दाखवा. कोनाड्याजवळ पुष्कळदा देवाचं नाव, सुताचा हिशेब किंवा उधारीची नोंद असते. हिशेबात नाव असेल तर ते ज्याच्याशी व्यवहार होता त्याचं असू शकतं, राहणाऱ्याचं नव्हे.

तुमचं घर जुन्या हद्दीत आहे म्हणून हे सगळं लागू पडतं. हाच प्रश्न बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे अशा 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या भागातल्या कोणाला असेल, तर त्यांनी आधीच्या ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची यादी, जुने सातबारे आणि फेरफार, आणि कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावच्या जन्म-मृत्यूची वही, पाहावं. स्कॅन केलेले जुने फेरफार सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर मिळू शकतात.

सेटलमेंट भागाबद्दल वेगळं सांगायला हवं. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तिथे तारेच्या कुंपणात माणसं ठेवली होती आणि त्यांची रोज हजेरी घेतली जायची. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती देशभर मुक्त झाल्या. त्या काळच्या वह्यांत माणसांपुढे जे शिक्के मारलेत ते कायद्याने केलेला अन्याय आहे. त्या भागातल्या घराचा शोध घेणाऱ्याने ते कागद समाजमाध्यमांवर टाकू नयेत. वंशजांना दाखवावेत आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे करावं. जातीचा रकाना जवळपास प्रत्येक जुन्या वहीत आहे, त्यालाही हाच नियम.

नावं मिळाल्यावर माणसं शोधणं सोपं होतं, कारण सोलापूर अजून एकमेकांना ओळखतं. गल्लीतले म्हातारे, जुना किराणावाला, पेठेतलं तालीम मंडळ, जातीच्या संस्थांच्या जुन्या स्मरणिका. कुटुंब लिंगायत किंवा मराठा असेल तर हेळवींच्या वंशावळीच्या वहीत सापडू शकतं. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला आलेल्यांची नावं पिढ्यांनुसार असतात. ‘संचार’सारख्या स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या फाईलींत खरेदीआधीच्या जाहीर नोटिसा आणि निधनवार्ता असतात. हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या अंकांची चौकशी करून पाहा.

वंशजांच्या दारात जाताना मात्र जपून. जुन्या घराचं नाव काढलं की पहिली शंका मालकीची येते. जुना भाडेकरू असेल तर त्याला वाटतं की याला आता काही लिहून घ्यायचंय, आणि मालकाचा वारस असेल तर त्याला वाटतं की काही हक्क शिल्लक असावा. त्यामुळे पहिल्या भेटीत कागद काढू नका, सही कशावरच मागू नका, सोबत वकील किंवा एजंट नेऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलणं झालं तर उत्तम. खोली कुठली, चूल कुठे होती, माग कोण चालवायचं, कांड्या कोण भरायचं, हे तिलाच आठवत असतं. बोलू दिलं तर ती स्वतःच एकदा घर पाहायला येऊ का विचारते, तेव्हा जरूर बोलवा. नको म्हणाली तर थांबा. दाव्याचे, गहाणाचे, कर्जाचे कागद त्यांनी मागितल्याशिवाय पुढे करू नका. कोणाच्या आजोबांचं घर कर्जात गेलं हे त्यांना तुमच्याकडून पहिल्यांदा कळू नये.

तुमच्या बाबतीत पहिला अर्ज मी चौकशी नोंदवहीच्या उताऱ्याचा करीन. नगर भूमापन क्रमांक 1994 च्या खरेदीखतात असेलच. त्याच अर्जात दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या घराचे क्रमांक घालून त्यांचेही उतारे मागा, आणि जुन्या शीटची नक्कलही. हे हातात आल्यावर घरपट्टीच्या नोंदवहीकडे वळा. मोडी निघाली तर आख्ख्या पानांचे फोटो पाठवा, वाचून देतो.